सवयीच्या ख्रिस्ती माणसाची बाजू

उपनगरांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत सध्या एक शिवी फार चलनात आहे. ऐकायला ती शिवी वाटत नाही, त्यामुळे उलट उत्तरही देता येत नाही. "तुम्ही सवयीचे ख्रिस्ती." अंधेरीला शाळेच्या हॉलमध्ये, बोरिवलीला कुणाच्या फ्लॅटवरच्या प्रार्थनासभेत, मुलुंडला मांडव घालून भरवलेल्या मेळाव्यात, माइक हातात असलेला माणूस ती हमखास हासडतो आणि समोरची सत्तरीची माणसं खाली मान घालून ऐकून घेतात. म्हणे, तुम्ही रविवारी मिस्साला जाता कारण तुमची आई जायची. रोझरी म्हणता कारण ती पाठ आहे. येशू तुम्हाला भेटला का? कधी भेटला? तारीख सांगा. तारीख सांगता येत नसेल तर गेली पन्नास वर्षं तुम्ही देवळात येऊन नुसते बाक झिजवलेत.

हे मत मी तिखटमीठ लावून सांगत नाही. ते आधीच पुरेसं तिखट आहे. या मंडळींच्या लेखी विश्वास म्हणजे एक क्षण. त्या क्षणी अंगावर काटा येतो, डोळे वाहायला लागतात, कुणी जमिनीवर कोसळतं, कुणाची दारू सुटते. ज्याला तो क्षण आला तो तरला. ज्याला आला नाही त्याने पुढच्या मेळाव्यात नशीब अजमावावं. आणि क्षण ओसरल्यावर जे उरतं, म्हणजे सकाळची प्रार्थना, उपवासकाळातले शुक्रवार, आजारी शेजाऱ्याकडे डबा पोचवणं, ते सगळं कर्मकांड. हे मत आता मांडवातून निघून आमच्या पॅरिशच्या पोरांपर्यंत पोचलंय. "मला काही फील होत नाही, मग उगाच नाटक कशाला करू?" असं एक पोरगं मला अगदी गंभीरपणे म्हणालं आणि आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. वाटलं तर करायचं आणि वाटलं नाही तर घरी झोपायचं, याला आता प्रामाणिकपणा म्हणतात.

इथवर मी गप्प बसलो असतो. पण याच मंडळींना धावण्याचं रूपक अतिशय प्रिय आहे. जानेवारीतला तिसरा रविवार आला की मुंबई मॅरेथॉनच्या गर्दीत पाठीवर बायबलच्या अध्याय-वचनाचे आकडे छापलेले टी-शर्ट दिसतात. संध्याकाळपर्यंत मेडल दातात धरलेले फोटो फिरतात, खाली तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा संदर्भ. त्याच्या पुढच्या रविवारच्या प्रवचनात पेडर रोडचा चढ आणि विश्वासाची परीक्षा यांची सांगड घातलेली असते. एका तोंडाने सवयीची टिंगल करायची आणि त्याच तोंडाने धावण्याचे गोडवे गायचे, हे जमतं तरी कसं? ज्याने कधी पायात बूट चढवून दोन महिने सलग काढले आहेत, त्याला हे जमणार नाही.

मी आरेत पळतो. ज्यांना धावण्यात 'अनुभव' दिसतो त्यांनी जुलैतल्या एखाद्या मंगळवारी पहाटे साडेपाचला तिकडे यावं. निम्मे दिवे बंद असतात. रात्रीच्या पावसाने खड्ड्यांतली खडी वाहून रस्त्यावर पसरलेली असते, तेव्हा नजर सतत पायाखाली. तबेल्यांकडून शेणाचा वास येतो, एखादं कुत्रं दोनशे मीटर मागे लागतं, मग कंटाळून थांबतं. मोजे पहिल्या किलोमीटरलाच भिजतात आणि नंतर प्रत्येक पावलाला पचपचतात. समोरून येणारा ओळखीचा माणूस हात वर करतो, बोलत नाही, कारण त्यालाही धाप लागलेली असते. टाळ्या वाजवायला कुणी नसतं, मेडल नसतं, अंगावर काटा येत नाही. आलाच तर तो पावसाचा. घरी येऊन आंघोळ करायची आणि साडेआठची लोकल पकडायची. झालं.

आणि जे काही घडायचं ते तिथेच घडत असतं. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधल्या ऊर्जेच्या भट्ट्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. यातलं काहीही त्या दिवशी पळणाऱ्याला कळत नाही. एका पळण्याने हे होत नाही आणि एक चुकल्याने बिघडत नाही. पण महिनाभर घरी बसलं की शरीर कमावलेलं परत द्यायला लागतं. बत्तीसाव्या किलोमीटरच्या आसपास साठवलेली साखर संपते, पाय शिशाचे होतात, तेव्हा माणसाला कोण पुढे नेतं? आदल्या रात्रीचा जोशपूर्ण व्हिडिओ? त्याला नेतात ते जुलै-ऑगस्टमधले मंगळवार, ज्यातला एकही त्याला आठवत नाही. मग उद्या कुणी त्याला विचारलं, "तू धावपटू नक्की कधी झालास, तारीख सांग," तर त्याने काय सांगायचं?

हे रूपक ज्याने रुजवलं त्या संत पौलाकडेच जाऊ. पौलाने मॅरेथॉन पाहिली नव्हती. ती शर्यतच १८९६ सालची, अथेन्सच्या ऑलिंपिकसाठी काढलेली. त्याच्या काळी ग्रीकांची सगळ्यात लांबची शर्यत पाचएक किलोमीटरच्या आतच आटपायची. पण तो करिंथमध्ये दीड वर्ष राहिला होता आणि करिंथजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत. तिथे जिंकणाऱ्याला पाइनच्या डहाळ्यांचा मुकुट मिळे, कधी सेलरीच्या पाल्याचा. चार दिवसांत सुकणारा. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा या सुकणाऱ्या मुकुटाचा उल्लेख करतो, पण त्याची नजर मुकुटावर ठरत नाही. तो बोलतो खेळाडूने सगळ्या बाबतींत पाळलेल्या संयमाबद्दल, स्वतःच्या शरीराला वेसण घालण्याबद्दल. ऑलिंपियाला तर खेळाडूंना देवासमोर शपथ घ्यावी लागे की आम्ही दहा महिने सराव केलाय. पौसानियसने हे नोंदवून ठेवलंय. म्हणजे करिंथच्या बाजारात बसलेल्या वाचकाला धावणारा म्हटल्यावर ते दहा महिने आपोआप दिसत होते. आपल्या उपदेशकांना दिसते फक्त शेवटची फीत.

"पण भावनाच नसेल तर विश्वास मेलेला नाही का?" हा त्यांचा हुकमी सवाल. इथे ते दोन साक्षीदार उभे करतात आणि दोन्ही त्यांच्यावरच उलटतात.

पहिला एरिक लिडेल. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी प्राथमिक फेरी होती म्हणून शंभर मीटर सोडणारा आणि मग चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेणारा स्कॉटिश धावपटू. धावताना देवाचा आनंद आपल्याला जाणवतो अशा अर्थाचं त्याचं एक वाक्य प्रत्येक मेळाव्यात ऐकवलं जातं. ते वाक्य १९८१च्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या सिनेमातलं आहे, पटकथा लिहिणाऱ्याचं. खऱ्या लिडेलने काय केलं? पदकाच्या पुढच्याच वर्षी तो चीनला गेला, तिथे मुलांना विज्ञान शिकवत राहिला आणि जपान्यांच्या वेइशियन छावणीत कैदी म्हणून अडकला. तिथे पाणी वाहिलं, म्हाताऱ्यांची कामं केली, मुलांचे वर्ग घेतले. छावणीतली पोरं रविवारी हॉकी खेळताना मारामारीवर आली तेव्हा रविवारी शर्यत नाकारणारा हा माणूस रविवारी पंच म्हणून उभा राहिला. २१ फेब्रुवारी १९४५ला तो मेंदूतल्या गाठीने तिथेच गेला. छावणी त्याच ऑगस्टमध्ये सुटली. पन्नास सेकंदांहून कमी वेळाची ती धाव मोठी की पुढची वीस वर्षं? सिनेमावाल्यांना पहिलीच परवडते, ते समजू शकतो. प्रवचनकारांना काय झालंय?

दुसरी साक्षीदार मदर तेरेसा. तिच्या चेहऱ्यावरच्या तेजाबद्दल बोलताना यांचे शब्द आवरत नाहीत. २००७ साली, तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, तिची खासगी पत्रं पुस्तकरूपाने आली. त्यांतून कळलं की काम सुरू केल्यानंतरची जवळजवळ सगळी वर्षं तिला प्रार्थनेत देवाची चाहूलच लागत नव्हती. आत नुसता काळोख. तरी पहाटे उठून ती गुडघ्यावर होती आणि मग रस्त्यावर. आमच्या उपदेशकांची फूटपट्टी लावली तर कोलकात्याची ही बाई पक्की सवयीची ख्रिस्ती ठरते. लावणार का फूटपट्टी? का तिच्यासाठी नियम वेगळा आणि मरोळच्या म्हातारीसाठी वेगळा?

दूर कशाला जायचं, मराठीतच एक जीव असा आहे की त्याच्यापुढे हा सगळा वाद संपावा. पंडिता रमाबाई. अनुभववाल्यांना त्या फार आवडतात, आणि त्याला कारणही आहे. १९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात जे घडलं त्याची बातमी जगभर गेली. शेकडो मुली रडत, ओरडत, रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या. आज ज्याला 'अभिषेक' वगैरे म्हणतात त्याचा तो मोठाच नमुना. बरं, मग रमाबाईंनी काय केलं? तो अनुभव घेऊन गावोगाव मांडव घातले? त्या टेबलाशी बसल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलेल्या या बाईने संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायला घेतलं, तेही अशा मराठीत की सदनातल्या साध्या शिकलेल्या बाईला ते वाचता यावं. ओळीमागून ओळ, अध्यायामागून अध्याय. गणनेच्या पुस्तकातल्या वंशावळी आणि लेवीयातले नियम ज्याने एकदा तरी सलग वाचले आहेत त्याला ठाऊक आहे की तिथे अंगावर काटा वगैरे येत नाही. खिळे जुळवायला सदनातल्याच बायका, ज्यांतल्या कित्येक दुष्काळातून किंवा सासरच्या छळातून आलेल्या. मजकूर जुळवायचा, मुद्रितं काढायची, चुका शोधायच्या, पुन्हा जुळवायचं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. छापलेलं पुस्तक १९२४ साली बाहेर पडलं, ते त्यांनी पाहिलं नाही. १९०५चा तो अग्नी खरा होता असं मी मानतो. मानतो ते याच कारणाने, की त्यानंतर सतरा वर्षं ती बाई मुद्रितं तपासत होती.

आणि लक्ष्मीबाई टिळक? त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५चा, आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून झाल्यावरचा. लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या पाच वर्षांत विरह, अपमान, नवऱ्याकडे परत येऊनही स्वतःचं सोवळं सांभाळणं, मग एकेक गाठ हळूहळू सुटणं. 'स्मृतिचित्रे' वाचताना कुणालाही विचारावंसं वाटतं का, की बाई, तुमचा नेमका क्षण कुठला? टिळकांनी तर स्वतःच सांगून ठेवलंय की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. ज्या परंपरेतून ते आले तिथे आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्याला कुणी अडवून विचारत नाही, "माउली, यंदा काही फील झालं का?" वारी चुकली नाही एवढं पुरतं. हे कळायला मराठी ख्रिस्ती माणसाला परदेशी वक्त्याची गरज पडू नये.

आता आमच्या उपनगरांचंच पाहा. सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड १५७९ साली बांधलेलं संत जॉन द बाप्टिस्टचं चर्च आहे. छप्पर केव्हाच गेलं, दर्शनी भिंत उभी आहे, आणि आजूबाजूला दागिन्यांचे आणि सॉफ्टवेअरचे कारखाने. १८४० साली साथ आली तेव्हा फादरांनी आणि गावकऱ्यांनी मूर्ती आणि बाप्तिस्म्याचं कुंड उचलून मरोळला नेलं आणि तिथे पुन्हा मिस्सा सुरू केली. त्याआधी १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर साष्टीतले बहुतेक युरोपीय पाद्री निघून गेले होते. उरले थोडे गोव्याकडचे देशी पाद्री आणि गावं. राजाश्रय गेला, तरी गावं मिस्साला येत राहिली. १८९६च्या प्लेगमध्ये माणसं पटापट मेली तेव्हा उरलेल्यांनी गावठाणांच्या तोंडाशी क्रूस उभारले; ते आजही रिक्षा स्टँडच्या आणि टॉवरच्या मध्ये उभे आहेत. सीप्झमधल्या त्या पडक्या देवळात अजूनही वर्षातून एकदा परवानगी घेऊन मिस्सा होते. साडेचारशे वर्षांच्या या धावेत मेळावे किती झाले असतील आणि मंगळवार किती?

मे महिन्यात आमच्या गावठाणात क्रुसापुढे रोझरी असते. ती मंडळींना हिणवायला फार सोयीची, कारण ती खरोखर भरधाव म्हटली जाते. बायकांचे शब्द एकमेकांत मिसळतात, पुढच्या 'नमो मारिये'ची सुरुवात मागच्याच्या शेवटावर चढते. मधूनच कुणाचा तरी मोबाइल वाजतो. पुढे म्हणणारी मावशी दहापैकी कितवा झाला ते विसरते आणि दुसरी न थांबता बोटं वर करून तिला आकडा दाखवते. लक्ष नाही, भावना नाही, नुसती बडबड, असं म्हणायला मोकळे. पण लॉकडाऊनमध्ये गल्लीतल्या कुणाच्या दाराशी जेवण ठेवून बेल वाजवणाऱ्या याच होत्या. तेव्हा अनुभववाले कुठे होते ते मी विचारत नाही. त्यांच्या सभा ऑनलाइन चालू होत्या एवढं माहीत आहे. मेलेली सवय असते, मला मान्य. पण ती ओळखायची असेल तर अशा वेळी दार कुणी उघडलं ते बघा. गाल ओले आहेत की कोरडे हे तपासून काय कळणार?

एक आक्षेप जरा शहाण्यांकडून येतो: हे सगळं माणसाच्या कष्टाचं कौतुक झालं, यात देवाची कृपा कुठे? छान. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल सांगतो की तो धावतो, कारण ख्रिस्ताने त्याला आधीच धरलंय. आरेत पळणाऱ्याने स्वतःचं फुप्फुस स्वतः बनवलेलं नसतं आणि हवाही. मिळालेल्या श्वासावर तो पळतो. कृपेला विरोध धावण्याचा होत नाही. बाकावर बसून "मला आधीच मिळालंय" म्हणण्याचा होतो. यापेक्षा जास्त वेळ या आक्षेपाला देण्याची गरज मला दिसत नाही.

शेवटी दिमिष्काचा रस्ता. या मताचा तो सगळ्यात मोठा किल्ला. पौलाला उजेड दिसला, तो घोड्यावरून पडला (घोडा चित्रकारांनी घातलाय, बायबलमध्ये नाही), आवाज ऐकू आला, माणूस बदलला. बघा, क्षण! हो, क्षण. आणि पुढे? गलतीकरांच्या पत्रात त्याचाच हिशेब आहे: अरबस्तान, परत दिमिष्क, तीन वर्षांनी यरुशलेमला पंधरा दिवस, मग चौदा वर्षांनी पुन्हा यरुशलेम. सतरा वर्षं, ज्यांतल्या बहुतेकांबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही. तंबू शिवत, वाद घालत, मार खात, पायी हिंडत काढलेली. त्याच पत्रात तो गलतीकरांना फैलावर घेतो, तो कशासाठी? तुम्हाला अनुभव आला नाही म्हणून? तो म्हणतो, तुम्ही चांगले धावत होतात, मग अडवलं कुणी?

आणि मग तीमथ्याला लिहिलेलं ते दुसरं पत्र, टी-शर्टवरचं. ते पौलाच्याच हातचं आहे का यावर अभ्यासक भांडतात. भांडोत. ज्याने लिहिलं त्याला पौलाच्या आयुष्याची शेवटची गोळाबेरीज मांडायची होती आणि ख्रिस्ती इतिहासातला सगळ्यात गाजलेला 'अनुभव' त्याच्या हाताशी तयार होता. उजेड, आवाज, तीन दिवसांचं आंधळेपण. त्याने त्या बेरजेत यातलं काहीही धरलं नाही. तुरुंगात बसलेला म्हातारा सांगतो की लढलो, धाव शेवटपर्यंत नेली, विश्वास राखला. दिमिष्क त्या यादीत नाही.

तेव्हा हे टी-शर्ट घालायचे असतील तर त्यांचा अर्थ मान्य करून घाला. कोरड्या तोंडाने, पाठ झालेल्या शब्दांनी, काहीही न वाटता वर्षानुवर्षं येत राहणारी ती माणसं धावत आहेत, आणि तुम्ही अजून सुरुवातीच्या रेषेवर उभं राहून पिस्तुलाच्या आवाजाची वर्णनं करताय. 'सवयीचे ख्रिस्ती' ही शिवी कुणाला द्यायचीच असेल तर आधी ती रमाबाईंना द्या, लिडेलला द्या, तेरेसाला द्या, साथीत बाप्तिस्म्याचं कुंड उचलून मरोळला नेणाऱ्यांना द्या आणि सगळ्यात आधी पौलाला द्या. मग आमच्या मावशीकडे या. ती क्रुसापुढे सापडेल, पण तिला रोझरी संपेपर्यंत तुमच्याशी बोलायला वेळ नसेल.